तीन वर्षं, एक खड्डा, तीन अनंत: ऑक्टोबरमध्ये लावलेलं झाड डिसेंबरात का मरतं?

आमच्या घराच्या पायरीला लागून डाव्या हाताला एक खड्डा आहे. २०२२ मध्ये तिथे अनंत लावला, तो मेला. २०२३ मध्ये दुसरा लावला, तोही मेला. २०२४ चा तिसरा मेला नाही, पण असा पिवळाफटक होऊन उभा राहिला की येणारा-जाणारा त्याची चौकशी करायला लागला. शेवटी मीच तो काढला. तिन्ही वेळा लागवड दसऱ्याच्या आगेमागे, तिन्ही वेळा डिसेंबरपर्यंत रडारड, आणि तिन्ही वेळा शेजारपाजारचं निदान एकच: "पाणी कमी पडतंय हो."

तिन्ही वेळा कारण वेगळं होतं, आणि त्यातल्या दोन वेळा मी जो उपाय केला त्यानेच झाडाचा शेवट केला. सुकणारं झाड आणि बुडणारं झाड वरून जवळजवळ सारखंच दिसतं, ही या सगळ्यातली गोम आहे. मुळं पाण्यात कुजली तरी पानांपर्यंत पाणी पोचत नाही, आणि मुळं कोरडी पडली तरी पोचत नाही. पानं बिचारी दोन्हीकडे मान टाकतात. तेव्हा निदान पानांवरून करू नका, मुळांपाशी जाऊन करा. खाली जे लिहिते आहे ते एवढ्यासाठीच.

आधी आमची माती सांगते, कारण सगळा हिशेब तिच्यावर आहे. पुण्याच्या पूर्वेला, मांजरीच्या बाजूची काळी माती. खाली चुनखडीचे खडे. पाणी बोअरचं, जड. कोकणातल्या जांभ्यावर बाग करणाऱ्यांनी खड्ड्याचा भाग सोडून थेट हुंडीच्या, म्हणजे रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, भागाकडे जावं. त्यांच्याकडे पाणी थांबतच नाही, ते वेगळं दुखणं.

मग ऑक्टोबरच का?

जूनमध्ये लावलं तर पाणी घालावं लागत नाही, हे खरं. पण भारी काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवडे चिखल हटत नाही आणि कोवळ्या मुळांना हवाच मिळत नाही. पाऊस परतल्यावर जमिनीत ओल असते, ऊब असते, आकाश मोकळं असतं. मुळं धावायला यापेक्षा चांगला काळ नाही. बहुवर्षायू फुलझाडं आणि झुडपं यांच्यासाठी मी आजही ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य हाच काळ धरते.

फक्त एक गोष्ट. विलायती बागकामाची पुस्तकं आणि व्हिडिओ शरदातली लागवड सांगतात, कारण त्यांच्याकडे शरदानंतर ओला हिवाळा येतो. झाड लावायचं आणि विसरायचं, पाणी आभाळ घालतं. आपल्याकडे शरदानंतर येते ती जूनपर्यंतची कोरड, आणि तिच्या तोंडाशी ऑक्टोबरचं ते करपवणारं ऊन. म्हणजे तिकडचं खोलीचं माप, पाण्याचं वेळापत्रक, कंदांची यादी, यातलं काहीही जसंच्या तसं उचलू नये. मी उचललं होतं.

पहिलं मरण: खड्डा नव्हे, बादली

२०२२ चा ऑक्टोबर पुणेकर विसरले नसतील. दसरा ५ तारखेला होता, त्याच आठवड्यात अनंत लावला. १७ तारखेच्या रात्री शहरातल्या रस्त्यांचे ओढे झाले. माझ्या खड्ड्याचं काय झालं असेल, हा विचारच तेव्हा मनात आला नाही.

खड्डा आमच्या माळीकाकांनी खणला होता, दीड फूट लांब-रुंद-खोल, अगदी ओळंब्यात. जमीन तेव्हा ओली होती. आतली सगळी काळी माती काढून घमेल्यांनी बाहेर टाकली आणि लाल माती, शेणखत, कोकोपीट असं छान भुसभुशीत मिश्रण भरलं. तळाला विटांचे तुकडेही घातले, निचऱ्यासाठी. "लोण्यासारखा खड्डा झालाय बघा, ताई," असं ते म्हणाले आणि मलाही ते पटलं.

आता काळ्या मातीचा स्वभाव बघा. ही बेसॉल्टची झीज होऊन झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली जाण्याची वाट बंद होते. अशा मातीत ओलं असताना कुदळ चालवली की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, कुंभाराने बोट फिरवलेल्या मडक्यासारख्या. त्या मडक्यात आपण भुसभुशीत माती भरतो. चहूबाजूचं पाणी मोकळ्या मातीकडे धावतं, आत शिरतं आणि तिथेच बसतं. विटांच्या तुकड्यांनी निचरा होत नाही, कारण तुकड्यांच्या खाली पाण्याला बाहेर जायला दारच नाही. उलट बारीक मातीतलं पाणी जाड तुकड्यांत सहज उतरतही नाही. वरची माती पुरती भिजून निथळायला लागेपर्यंत ते वरच अडकून राहतं. कुंडीला निदान भोक तरी असतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर शेंडे वाकले. मी काय केलं? पाणी वाढवलं. पंधरा दिवसांनी झाड हाताने वर ओढलं तर लोण्यातून सुरी निघावी तसं निघालं. मुळं तपकिरी, बोटाने ओढली की वरची साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वास गटाराचा. ही मूळकूज. यात झाड वाचत नाही, वेळ घालवू नका.

पुढच्या वेळी काय बदललं ते सांगते.

खणण्याआधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, पाणी पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि पट्टी लावून तासभराने बघा. तासाला अडीच-तीन सेंटिमीटर पाणी उतरलं तर ठीक. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी तसंच चमकत असेल तर तिथे खड्डा हा प्रकारच विसरा आणि उंचवट्यावर लावा. मी आता सगळी झुडपं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवर लावते. खड्डा हुंडीएवढाच खोल, पण रुंदीला तिप्पट. भिंती खुरप्याने ओरबाडून खडबडीत करायच्या. आणि खड्ड्यातून निघालेलीच माती परत भरायची, तीन घमेली मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, बस. झाडाला शेवटी त्याच मातीत राहायचं आहे. पहिले सहा महिने पंचतारांकित सोय करून काही मिळत नाही.

आणि तारखेपेक्षा वाफसा बघा, म्हणजे ना चिखल ना कोरडी, खणण्याजोगी ओल. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, आपण बागवाले मात्र पंचांग बघून खणायला जातो. फूटभर खालची मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि छातीच्या उंचीवरून खाली टाका. लाडू फुटून विस्कटला तर वाफसा आहे, लावा. थप्पकन चिकटून बसला तर अजून आठवडाभर थांबा. वळलाच गेला नाही तर जमीन वाळली आहे, आदल्या दिवशी भिजवा. २०२२ मध्ये माझा लाडू मोदकासारखा वळला असता, इतकी माती ओली होती.

दुसरं मरण: ओल्या अंगणात कोरडी वीट

२०२३ ला मी शहाणी झाले होते, निदान मला तसं वाटत होतं. त्या वर्षी ऑगस्ट कोरडाच गेला, ऑक्टोबर तापला. गादी केली, वाफसा बघितला, सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून चांगलं कमरेएवढं, कळ्यांनी भरलेलं झाड आणलं. एक दिवसाआड नळीने आळं भरून पाणी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पानांच्या कडा कुरकुरीत झाल्या आणि शेंडे वाकले. आळ्यातली माती बोटाने उकरून बघितली, गार आणि ओली. गेल्या वर्षीचा धडा ताजा होता. म्हटलं, पुन्हा पाणी जास्त झालं. पाणी बंद केलं.

आठ दिवसांत झाड काड्यांचा खराटा झालं.

उपटलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. हुंडी जशी पिशवीतून काढली होती तशीच्या तशी बाहेर आली. प्लास्टिकच्या पिशवीच्या चुण्यासुद्धा तिच्यावर उमटलेल्या होत्या. बाहेर एकही मूळ गेलं नव्हतं. खुरप्याने फोडायला गेले तर फुटेना. फुटली तेव्हा आतली माती भाजलेल्या कौलासारखी कोरडी.

याचं कारण असं. आपल्या उरुळी कांचन, लोणी या पट्ट्यातल्या रोपवाटिकांत येणारी बरीच शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येतात. एवढ्या प्रवासात हुंडी फुटू नये म्हणून ती चिकट लाल मातीत घट्ट बांधलेली असते. दुकानात रोज झारीने पाणी मिळत असतं तोवर सगळं ठीक. जमिनीत गेल्यावर ती एकदा वाळली की विटेसारखी होते, आणि आपण आळ्यात घातलेलं पाणी तिला वळसा घालून बाजूच्या मोकळ्या मातीत उतरतं. बोट लावून बघणाऱ्याला ओल लागते. झाड मात्र तहानेने मरतं.

तपासायला मला सासूबाईंची स्वेटर विणायची सुई कामाला आली. लांब, धातूची, सरळ हुंडीच्या मधोमध, खोडापासून दोन बोटं अंतरावर घालायची. शिरलीच नाही तर वीट आहे. शिरली आणि कोरडी, धुळकट बाहेर आली तर आत तहान आहे. ओलसर माती चिकटून आली तर पाणी बरोबर. चिखल आणि वास आला तर पहिल्या मरणाकडे परत जा. एवढी एक सुई पहिल्या दोन वर्षी वापरली असती तर पुढचं लिहायला विषय उरला नसता. (सासूबाईंना सुई परत हवी आहे. नवी आणून दिली, ती त्यांना पसंत नाही.)

लावण्याआधीचं काम दहा मिनिटांचं आहे. पिशवीसकट हुंडी बादलीत बुडवा आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवा. मोठ्या हुंडीला अर्धा तासही लागतो. मग पिशवी कापून काढा, सोलून ओढू नका. बाहेरची बोटभर लाल माती नळीच्या मंद धारेने किंवा काडीने मोकळी करा. मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर धारदार सुरीने हुंडीला तीन-चार उभ्या चिरा द्या, अर्धा इंच खोल. जीव खाली-वर होतो, पण चिरांपासूनच नवी मुळं फुटतात.

इथे एक वाद आहे तो मांडते. कृषी खात्याची आणि रोपवाटिकेची सूचना असते, हुंडी अजिबात फुटू देऊ नका. आंबा-चिकूच्या कलमांना ती तंतोतंत लागू आहे. बोगनवेललाही, तिची मुळं फारच ठिसूळ, हुंडी हलली की रुसते. पण अनंत, तगर, जास्वंद, एक्झोरा यांची कडक लाल हुंडी तशीच पुरणं म्हणजे झाडाला मडक्यासकट पुरणं. फोडू नका, पण बाहेरचा थर सैल करा, हा मधला मार्ग मला मानवला.

पहिले सहा आठवडे पाणी खोडाजवळ, हुंडीच्या डोक्यावर घाला, हळूहळू, तांब्याने. मी तळाला खिळ्याचं भोक पाडलेली दोन लिटरची बाटली हुंडीवर टेकवून ठेवते, तासा-दोन तासांत ती आपोआप रिकामी होते. नवी फूट दिसली की मुळं बाहेर निघाली असं समजा आणि मग आळं बाहेर सरकवा: खोडाभोवती मातीची भर घालून कोरडी कड, तिच्या बाहेर पाण्याचं कडं. फळबागवाले याला दुहेरी आळं म्हणतात. खोडाला सतत पाणी लागून बुंधा कुजत नाही आणि मुळं पाण्यामागे बाहेर धावतात. त्यावर वाळलेल्या पाल्याचं चार बोटं आच्छादन, खोडापासून वीतभर दूर.

तिसरा: मेला नाही, पिवळा पडला

२०२४ ला गादी होती, हुंडी भिजवलेली होती, सुई रोज चालत होती. झाड जगलं, फुटलं, आणि फुटलेलं प्रत्येक नवं पान पिवळं. शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. खालची जुनी पानं ठीक होती.

हा फरक लक्षात ठेवा, कारण यावर पुष्कळ युरिया वाया जातो. आधी जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्राची कमतरता किंवा मुळांचं दुखणं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. जमिनीत लोह नसतं असं नाही. चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात ते असं अडकून बसतं की झाडाला घेता येत नाही. चिमूटभर माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. आमची माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली.

अनंत आम्लधर्मी मातीचं झाड. एक्झोराचंही तसंच, मोगरा थोडं सहन करतो. तात्पुरता उपाय म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा, आधी एका फांदीवर करून बघा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. हिराकस मातीत टाकून फारसा उपयोग नाही, चुना त्यालाही अडकवतो. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) विकत घेणार असाल तर पाकिटावर ईडीडीएचए हे रूप लिहिलेलं बघून घ्या; दुकानात सहज मिळतं ते ईडीटीए, आणि ते अशा मातीत टिकत नाही. पण खरं सांगू का, जी माती ज्या झाडाला मानवत नाही तिथे त्याला आयुष्यभर औषधावर ठेवण्यात मला रस उरला नाही. चौथा अनंत मी चौदा इंची कुंडीत लावला, पिंपात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर.

कंद: कोण झोपतंय आणि कोण उठतंय

ऑक्टोबरमध्ये कंद लावून ते कुजले किंवा उगवलेच नाहीत, ही तक्रार झुडपांपेक्षाही जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा चूक हाताची नसून यादीची असते. आपल्याकडचे बरेच कंद दिवाळीत झोपायला जातात, आणि आपण त्यांना उठवून पाणी पाजतो.

फुटबॉल लिली, जिला कोणी मे फ्लॉवर म्हणतं, तिची पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिवळी पडतात. ती आजारी नसते. पानं स्वतःहून सुकू द्या, पाणी थांबवा, मे महिन्यात लाल चेंडू आपोआप वर येतो. भुईचाफ्याचं तेच; पानं गेली म्हणून एका मैत्रिणीने तो उकरून फेकला, आणि उन्हाळ्यात माझ्याकडे बिनपानांची जांभळट फुलं जमिनीतून आलेली बघून हळहळली. कळलावीही आता झोपते. तिचा कंद काढायचाच असेल तर फार जपून, कारण कोंब कंदाच्या टोकालाच असतो. टोक मोडलं की उरलेला कंद कितीही जाडजूड असला तरी उगवत नाही. हातमोजे घाला, कंद विषारी आहे, मुलं-कुत्री यांच्यापासून दूर.

निशिगंध ऑक्टोबरमध्ये लावू नका. लावला तर मरणार नाही, पण थंडीत नुसता बसून राहील आणि तुम्ही काळजीने पाणी घालून घालून तो कुजवाल. त्याचा काळ एप्रिल-मे. सुपारीपेक्षा लहान कंद घेऊ नका, त्या वर्षी फूल येत नाही.

लाल-शेंदरी, पोकळ देठाची ती मोठी लिली, जिला सगळे अमरिलिस म्हणतात, तिचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर हवा. मान पुरली की कुजली. थंडीत तिला कोरडं ठेवा. फेब्रुवारीत पाणी सुरू केलं की मार्च-एप्रिलात दांडा येतो.

मग ऑक्टोबरमध्ये लावायचं काय? ग्लॅडिओलस. हा इथला खरा शरदातला कंद. दोन-तीन इंच खोल, वीतभर अंतरावर, दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे लावले तर जानेवारी-फेब्रुवारीत दांडे येत राहतात. एक इशारा: स्वतःचे कंद काढून लगेच पुन्हा लावले तर ते उगवत नाहीत, त्यांना दोन-तीन महिन्यांची झोप आणि थंडावा लागतो. दुकानातून घेताना टोकाला कोंब टपोरलेला दिसला की तो जागा आहे.

आणि ट्यूलिप. दरवर्षी कोणीतरी रंगीत पाकीट मागवतं आणि दरवर्षी त्यातून दोन पानं येऊन विषय संपतो. ट्यूलिपला फुलोरा धरायला बारा ते सोळा आठवडे सलग थंडी लागते, नऊ अंशांखालची. श्रीनगरच्या इंदिरा गांधी ट्यूलिप उद्यानात कंद हिवाळ्याच्या तोंडाशी लावतात आणि मार्चअखेर-एप्रिलात फुलं येतात, कारण मधले महिने काश्मीरची जमीन गारठलेली असते. पुण्याची एखादी पहाट दहा अंशांवर आली तरी माती तेवढी गार होत नाही. हौसच असेल तर कंद कागदी पिशवीत घालून सप्टेंबरपासून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि डिसेंबरअखेर कुंडीत लावा. त्या कप्प्यात सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी जळते. एवढं करून एकदा फूल येतं, पुढच्या वर्षी येत नाही. मी एकदा केलं. फ्रिजमध्ये तीन महिने ट्यूलिप आणि कोथिंबीर बाहेर, यावर घरात जे बोलणं झालं त्यानंतर पुन्हा केलं नाही.

कुजलेला कंद फेकण्याआधी नीट बघा. मऊ, पाणचट आणि दुर्गंधी असेल तर जिवाणूंची कूज, पाणी आणि जखम यांमुळे. आजूबाजूचे कंदही तपासा. बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर बुरशी. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून भोवतालच्या मातीसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका आणि त्या जागी निदान दोन वर्षं कंद लावू नका. हलका, पोकळ, सुरकुतलेला असेल तर तो कुजला नाही, वाळला. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) शेणखतात मिसळून लागवडीआधी घालणं चांगलं, पण पाणी साचणाऱ्या वाफ्यात तो जादू करत नाही.

पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती, असं आपल्याकडे म्हणतात. ज्वारी-हरभऱ्यासाठी ते सोनं. पण काळ्या मातीत सपाट वाफ्यात नुकते लावलेले कंद असतील तर ऑक्टोबरअखेरचा तोच पाऊस मोती नव्हे, माती करतो. कंद गादीवर लावा, आणि स्वाती संपेपर्यंत प्लास्टिकचा कागद हाताशी ठेवा.

किरकोळ, पण दरवर्षीचं

शेवंतीला कळ्याच धरत नाहीत? रात्री तिच्यावर रस्त्याचा दिवा किंवा पार्किंगचा बल्ब पडतो का बघा. तिला फुलायला लांब, सलग अंधार लागतो. कुंडी चार पावलं सरकवून एका मैत्रिणीची शेवंती फुलली, खत न घालता.

गुलाब लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर दोन बोटं राहू द्या. सांध्याखालून जोमदार, वेगळ्याच पानांची फांदी आली तर ती खुंटाची. मुळापासून काढा, नाहीतर एक दिवस फक्त तीच उरते.

झाड हलवल्यावर सैल लागत असेल आणि पाणी ठीक असेल तर खाली हुमणी शोधा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी. ती बहुधा अर्धकच्च्या शेणखतातूनच येते. वेचून काढा, शेणखत उन्हात पसरून चाळून मगच वापरा. खोडावर मातीचे बोगदे दिसले तर वाळवी, तीही कच्च्या खतामागे येते.

लावून झालंय आणि आत्ता मान टाकतंय?

पाण्याची बादली खाली ठेवा. सुई घाला.

हुंडी कोरडी असेल तर सुईनेच सात-आठ ठिकाणी खोल भोकं पाडा आणि तांब्याने, थांबून थांबून, पाणी त्या भोकांत जिरू द्या. संध्याकाळी एकदा, सकाळी पुन्हा. चिखल असेल तर पाणी बंद, आच्छादन बाजूला, आळ्याची बाहेरची कड फोडून पाण्याला वाट, आणि बाजूने पहारीने दोन-तीन खोल भोकं, हुंडीला धक्का न लावता. दोन्ही बाबतीत कळ्या आणि फुलं खुडा, दुपारच्या उन्हात जुन्या सुती साडीची सावली करा, आणि महिनाभर कुठलंही खत घालू नका. आजारी झाडाला युरिया म्हणजे तापकऱ्याला जिलेबी.

तरीही पानं गळाली तर लगेच उपटू नका. नखाने खोडाची साल थोडी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर फेब्रुवारीपर्यंत थांबा. बुंध्यापर्यंत तपकिरी असेल तर काढा, आणि काढताना मुळं बघितल्याशिवाय फेकू नका.

पायरीजवळच्या त्या खड्ड्यात आता कोरांटी आहे. कुंपणापलीकडून काडी तोडून आणली होती, खोचली होती, वाफसा वगैरे काही बघितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत ती पिवळ्या फुलांनी भरली होती. कुंडीतल्या अनंताला सध्या तीन कळ्या आहेत, आणि सासूबाई रोज सकाळी त्या मोजतात.